दाराला लावलेला कान

शिवणवाल्या बाईंची गाडी सकाळी नऊच्या सुमारास गॅरेजात शिरली, तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच निम्मी खाली होती आणि त्या निम्म्या काचेवरून बाईंचं डोकं बाहेर येऊन आधीच भांडायला लागलं होतं.

“वर जात नाही, खाली जात नाही. काल संध्याकाळपासून अर्ध्यात रुसून बसलीय. मागे साठ गणवेश आहेत, त्यांतले निम्मे पांढरे सदरे. आणि रस्त्यावरची सगळी धूळ माझ्याच गाडीत घुसायला टपलेली. चार वाजता शाळेत पोचवायचेत. काच बंद झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही, आत्ताच सांगून ठेवते.”

“हलू नका,” पत्र्याचं काम करणारा मान वर न करता म्हणाला. “आमच्याकडे बाकडं आहे.”

वैद्यबुवा पुढे आले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे एकटक पाहिलं, बाई बोलायच्या थांबल्या तरी आणखी क्षणभर पाहतच राहिले, आणि मग मान डोलावली.

“काच ना. बघतो.”

वैद्यबुवा काही खरे वैद्य नव्हते. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी आणि मोटरी दुरुस्त करणारे मिस्त्री होते. नाव पडलं ते त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरवरून. हातभर लांब, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी पडून गुळगुळीत झालेली. त्याचं टोक ते इंजिनाला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, अजून महिनाभर ओढेल. आणि ते बरोबर महिनाभर ओढायचं. लांबलांबच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. सगळं उघडून झालेलं असायचं, सगळं बदलून झालेलं असायचं, आणि बुवा काहीही न उघडता दोन मिनिटांत रोग सांगून मोकळे व्हायचे.

त्यासाठी गॅरेजात एक रीत होती. बुवांनी डावा हात वर केला की सगळं बंद. कॉम्प्रेसर बंद, रेडिओ बंद, पत्रेवाल्याची हातोडी हवेत असेल तर हवेतच. गिऱ्हाईक फोनवर बोलत असलं तर त्याच्यासमोर कुणीतरी ओठांवर बोट धरायचं. ही रीत बुवांच्या थोरल्या भावाने घालून दिलेली. गॅरेज त्याचं होतं. तो गेला, गॅरेज त्याच्या मुलाकडे, म्हणजे बुवांच्या पुतण्याकडे आलं, पण रीत तशीच राहिली. बुवा ऐकून जे बोलतील ते शेवटचं. त्यावर कुणी पुन्हा तपासायचं नाही.

आणि त्या कानात आता काय उरलं होतं, हे फक्त बुवांना माहीत होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

दोन-अडीच वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी घरातलं भिंतीवरचं घड्याळ मुकं झालं. त्यांनी दोनदा त्याचा सेल बदलला. मग गाडी वळवताना होणारी टिकटिक गेली. मग स्वयंपाकघरातून येणारा बायकोचा आवाज गेला. माणूस समोर उभा असला, ओठ दिसले, थोडं मोठ्याने बोलला, तर अर्धं कानाने आणि अर्धं डोळ्यांनी जुळवून घ्यायचे. पाठमोऱ्या माणसाचं काही कळायचं नाही. अशा वेळी ते “हं” म्हणायचे. “हं” कुठेही चालतं.

बायकोला काय फसवणार! ती एक दिवस त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली, तोंडाशी तोंड आणून म्हणाली, “अहो, कान दाखवून येऊ. यंत्र मिळतं. माझ्या बहिणीने घेतलंय, ती आता शेजारणीची भांडणंसुद्धा ऐकते.”

“मला भांडणं ऐकायची नाहीत.”

“माझं तरी ऐका.”

“माझ्या कानाला काही झालेलं नाही,” बुवा चिडले. “गाडीच्या कामात माझा कान चुकला ना, तर त्याच दिवशी हत्यारं ठेवतो. मग तू म्हणशील तिथे येतो. पण तोवर हा विषय नको.”

ते रागात बोलले होते खरे, पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्याला जुनं कारण होतं. थोरल्या भावाचे हात कापायला लागले होते, तेव्हा त्याने एका गाडीची वायर उलटी जोडली आणि धूर निघाला. बुवांनी सगळ्यांदेखत भावाच्या हातातली पक्कड काढून घेतली होती. म्हणाले होते, “ज्याच्या हातून चूक होते, त्याने गाडीला हात लावायचा नाही. मग तो मालक असला तरी.” भावाने वाद घातला नाही. तो दाराजवळच्या बाकड्यावर जाऊन बसला. दोन वर्षं रोज सकाळी यायचा, हात मांड्यांमध्ये दाबून बसायचा आणि संध्याकाळी उठून जायचा. मग एक दिवस आला नाही.

तेव्हापासून बुवा स्वतःवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. कान गेला तरी टेस्ट लॅम्प होता, नाक होतं, चाळीस वर्षांचा अंदाज होता. ते हात वर करायचे, डोळे मिटायचे, मूठ हाडाला लावायचे, आणि अंदाजाने बोलायचे. आणि गेल्या वर्षभरात एकही गाडी परत आली नव्हती. एकही नाही. रोज झोपताना ते स्वतःला हेच सांगायचे. गाडी परत येत नाही, म्हणजे मी अजून मिस्त्री आहे.

तर काच.

बाई आपली शिवणाची पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या त्याच बाकड्यावर बसल्या. पिशवीतून एक सदरा काढून त्याची बटणं लावायला लागल्या. बुवांनी गाडीची किल्ली फिरवली आणि बाकीच्या तीन काचा खालीवर केल्या. तिन्ही सुरळीत. म्हणजे फ्यूज ठीक. ड्रायव्हरच्या दाराचं बटण वर ओढलं, खाली दाबलं. काच ढिम्म. वरून दोन्ही तळव्यांत धरून काच हलवून पाहिली. घट्ट होती, भिंतीत चिणल्यासारखी.

“काचेला हात लावला होता का कुणी? जोर केला होता?”

“मीच केला,” बाई सुई थांबवून म्हणाल्या. “देवाचं नावही घेतलं, शिव्याही दिल्या. दोन्हींचा उपयोग नाही.”

बाईंचं बोलणं बुवांना छान कळत होतं. दहा-दहा मशिनं धडधडत असताना बोलायची सवय, त्यामुळे आवाज खणखणीत आणि ओठ मोठे हलायचे. असं गिऱ्हाईक रोज आलं तर किती बरं होईल, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी दाराच्या आतलं आवरण काढलं. कडीमागचा एक स्क्रू, हाताच्या टेकूखालचे दोन, मग कडेच्या क्लिपा एकेक करून उचकटायच्या. पूर्वी प्रत्येक क्लिप सुटताना पट् असा आवाज यायचा. आता तो बोटांत नुसता हिसका म्हणून कळत होता. आवरणाखालचा प्लॅस्टिकचा कागद सोलला. आत मोटर दिसली, मुठीएवढी, पत्र्याला तीन स्क्रूंनी आवळलेली. तिच्या पलीकडे प्लॅस्टिकच्या बंद डबीत तारेची गरारी. मोटर गरारी फिरवते, गरारी तार ओढते, तार काच उचलते. एवढाच सगळा कारभार.

बुवांनी मोटरचा प्लग काढून त्यात टेस्ट लॅम्पच्या दोन पिना घातल्या. बटण वर ओढलं, दिवा लागला. खाली दाबलं, पुन्हा लागला. करंट मोटरपर्यंत येत होता. बटण चांगलं, वायर चांगली.

आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर मोटर मेलेली असेल. नाहीतर मोटर जिवंत असेल आणि पुढे कुठेतरी तार अडकलेली असेल. मेलेली मोटर गप्प बसते. अडकलेली मोटर आतल्या आत गुरगुरते. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. इथे डोळ्यांचं काम संपतं.

बुवांनी प्लग परत जोडला आणि डावा हात वर केला.

पत्रेवाल्याने हातोडी खाली ठेवली. पुतण्याने कॉम्प्रेसर बंद केला, हात पुसत येऊन दोन पावलांवर उभा राहिला. बाई काहीतरी बोलणार होत्या, पत्रेवाल्याने ओठांवर बोट धरलं. बाईंची सुई सदऱ्यात अर्धी टोचलेली राहिली.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानामागे. बुवांनी डोळे मिटून बटण ओढलं. काही नाही. दाबलं. काही नाही. पुन्हा ओढलं आणि धरून ठेवलं. खोल विहिरीत दगड टाकावा आणि तो पाण्यापर्यंत पोचूच नये, तसं होतं ते. त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. मग पुन्हा पहिला.

डोळे उघडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

“मोटर मेली,” बुवा म्हणाले.

पुतण्याने पत्रेवाल्याकडे पाहिलं, पत्रेवाल्याने छपराकडे. पुतण्या जवळ आला, नीट समोर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, एकदा तारेची डबी उघडून बघायची का? दहा मिनिटांचं काम आहे.”

“कशाला? करंट आहे, आवाज नाही. मेलेल्याची नाडी किती वेळ धरून बसायची?”

“नाही, म्हणजे...”

“तुझ्या बापाच्या वेळेपासून ऐकतोय मी मोटरी. जा, नवी घेऊन ये.”

“बरं,” पुतण्या म्हणाला. तो बाईंकडे वळला आणि काहीतरी बोलला. पाठमोरा होता, त्यामुळे काय ते बुवांना कळलं नाही. बाईंनी मान हलवली, बाकड्यावर आणखी पाय रोवून बसल्या, आणि त्यांचे ओठ स्पष्ट वाचता आले, “नाही, नाही. मी कुठेही जायची नाही.”

पुतण्या बाराला परत आला. बुवांनी तीन स्क्रू काढून जुनी मोटर भंगाराच्या डब्यात टाकली आणि नवी बसवायला घेतली. हात झरझर चालत होते. अंगात हुरूप आला होता. त्यांनी बाईंना विचारलंसुद्धा, “पोरांचे सदरे एवढे मोठे का शिवता?”

“पोरं वाढतात म्हणून. गाड्यांचं बरं असतं, त्यांच्या अंगाला काही तोकडं होत नाही.”

बुवा हसले. नवी मोटर आवळली, प्लग जोडला. “या, बाई. तुमच्याच हाताने बंद करा काच.”

बाई हौसेने उठल्या, सीटवर बसल्या आणि बटण ओढलं. काच हलली नाही. बाईंनी पुन्हा ओढलं, दाबलं, ओढलं. काच होती तिथेच.

“थांबा,” बुवा म्हणाले आणि हात वर केला.

पुन्हा तेच. कॉम्प्रेसर बंद, हातोडी बंद. मूठ कानामागे. बाईंनी बटण धरून ठेवलं. आत काळोख, त्या काळोखात काहीसुद्धा नाही. बुवांना राग आला, आणि रागाचा त्यांना आधार वाटला.

“हीपण मेलेली! नवी म्हणून मेलेली मोटर गळ्यात मारलीन तुझ्या! जा, त्या दुकानदाराच्या तोंडावर फेक. म्हणावं, वैद्यबुवांनी ऐकलीय. आवाज नाही हिच्यात. एक कणभर आवाज नाही!”

पुतण्या हलला नाही. तो जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत उभा होता. पत्रेवाला हातोडी पुसत होता, जी पुसायची काही गरज नव्हती.

“अरे, ऐकतोस का? जा की!”

“अहो मिस्त्री,” बाई म्हणाल्या. बुवांना वाईट वाटेल असं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. “आवाज नाही कसा? चांगली कण्हतेय की. घुर्र घुर्र करतेय. माझ्या मशीनच्या पोटात दोऱ्याचा गुंता झाला की तेही असंच कण्हतं. सकाळची मोटरही अशीच कण्हत होती. मला वाटलं, तुम्हाला त्यातलं काही वेगळं कळलं असेल. तुमच्या लोकांनी गप्प बसायला सांगितलं म्हणून मी बोलले नाही.”

एकेक शब्द कळला. बाईंचे ओठ मोठे हलायचे ना.

बुवांनी पुतण्याकडे पाहिलं. “तू ऐकलंस?”

पुतण्या अजून तेलाच्या डागाकडेच बघत होता.

“सकाळी. ऐकलंस?”

त्याने मान हलवली. हो.

“आणि तू?”

पत्रेवाल्याने तोंड फिरवलं. म्हणजे सगळं गॅरेज गप्प उभं होतं, सगळ्या गॅरेजाला मोटर कण्हताना ऐकू येत होती, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये डोळे मिटून उभं राहून त्यांनी सांगितलं होतं की ती मेली. ते चित्र बुवांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी गाडीच्या छपराला धरलं.

मग त्यांना दुसरं काहीतरी सुचलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

“याआधी किती?”

“जाऊ द्या ना, काका.”

“किती गाड्या?”

पुतण्याने ओठ हलवले, पण आवाज फुटला नसावा. मग त्याने हात वर केला आणि बोटं दाखवली. चार. थोडं थांबून अंगठाही उघडला.

“परत आल्या? कधी? मला दिसल्या नाहीत.”

“येऊच दिल्या नाहीत. संध्याकाळी तुम्ही घरी गेलात की मी पुन्हा बघायचो आणि दुरुस्त करून ठेवायचो. आजही तेच करणार होतो. पण या बाई हलल्याच नाहीत.”

“हे काय, आता माझ्यावर?” बाई पुटपुटल्या आणि खाली बघायला लागल्या.

बुवांना ओरडायचं होतं. कुणी सांगितलं होतं तुला, असं म्हणायचं होतं. पण पुतण्या जवळ आला, अगदी समोर, आणि त्यांना नीट कळावं म्हणून हळूहळू बोलला. “काका, तुम्ही बाबांच्या हातातली पक्कड काढून घेतलीत, तेव्हा मी तिथे उभा होतो. पंधरा वर्षांचा होतो. ते जाऊन त्या बाकड्यावर बसले. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं.”

बुवांची नजर बाकड्याकडे गेली. बाईंची पिशवी तिथे पडली होती, सदऱ्याची बाही खाली लोंबत होती.

मग बुवा भंगाराच्या डब्यापाशी गेले. जुनी मोटर उचलली, कामाच्या टेबलावरच्या शेगड्यात आवळून धरली, आणि बॅटरीच्या दोन वायरी तिला लावल्या. तिचं दातेरी चाक गरगर फिरायला लागलं. काही अडकलेलं नव्हतं, मोटर एकदम निरोगी होती. डोळ्यांना दिसत होतं, आणि कानाला काहीच नव्हतं. त्यांनी मूठ हाडाला लावली. नाही. मग त्यांना उमेदवारीतली एक गोष्ट आठवली. फार गोंगाट असला की त्यांचा उस्ताद मूठ दातांत धरून ऐकायचा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसलाही नाही. लाकडी मूठ सरळ दातांत धरली, घामाने काळी झालेली, तेलकट, आणि टोक मोटरवर टेकवलं.

आणि आवाज आला.

दातांतून, जबड्यातून, डोक्याच्या पार मागच्या बाजूला, दूरवर कुणीतरी गुणगुणावं तसा. एकसारखा, स्वच्छ, खंड नसलेला. अडीच वर्षांत असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. बुवा तसेच वाकून उभे राहिले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती त्यांनी पुसली नाही. मोटर बोलत होती. चांगली आहे, म्हणत होती. तिला भंगारात टाकणाऱ्यालाच ती सांगत होती, आणि दुसऱ्या कुणाला सांगायची गरजच नव्हती, कारण बाकी सगळ्यांना ते सकाळपासून माहीत होतं.

त्यांनी वायरी काढल्या. चाक थांबलं, डोक्यातली गुणगुण विझली.

“काका, उद्या कान दाखवू,” पुतण्या म्हणत होता. “यंत्र मिळतं.”

“यंत्राने माणसं ऐकू येतात,” बुवा म्हणाले. “बेअरिंग नाही.” हे खरं की खोटं त्यांना माहीत नव्हतं. आता ते माहीत करून घ्यायची ताकदही नव्हती. “काचेचं मशीन आणलंयस का?”

पुतण्या ओशाळला. आपल्या गाडीची डिकी उघडून त्याने लांबट खोकं आणलं. सकाळी मोटरीबरोबरच घेतलं होतं. नवी तार, नवी गरारी, नवे रूळ. बुवांनी ते पाहिलं. त्यांनी हात पुढे केला तेव्हा पुतण्या म्हणाला, “मी करतो.”

“एवढं करू दे.”

त्यांनी दाराच्या पोटातून जुनं मशीन बाहेर काढलं आणि तारेची डबी उघडली. आत तारेचे धागे सुटून गरारीभोवती असे गुरफटले होते की सुईलासुद्धा वाट नव्हती. दोऱ्याचा गुंता. बाई वाकून बघत होत्या, पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याने बुवांना जास्त लाज वाटली. नवं मशीन आत सरकवलं, काच त्याच्या पट्टीत बसवली. नवी मोटर काढून पुतण्याच्या हातात दिली, जुनी परत लावली. तीन स्क्रू. हात कापत नव्हते. हेच तर दुखत होतं. हातांना अजून काही कळलेलं नव्हतं, ते आपले पूर्वीसारखे चालत होते.

सवयीने त्यांचा डावा हात वर जायला निघाला. तो त्यांनी खाली आणला. पत्रेवाला हातोडी ठेवायला लागला होता.

“तू ठोक,” बुवा त्याला म्हणाले. “थांबू नकोस.”

पत्रेवाल्याला काय करावं ते कळेना. मग त्याने ठोकायला सुरुवात केली. बुवांना हातोडी पडताना दिसत होती. कॉम्प्रेसरचा पट्टा फिरताना दिसत होता. त्यांनी बटण ओढलं. काच वर गेली, सरळ, जराही न अडखळता, आणि वरच्या रबरात जाऊन बसली. खाली आणली, पुन्हा वर नेली. एवढं चांगलं काम त्यांनी कितीतरी दिवसांत केलं नव्हतं.

आवरणाच्या क्लिपा दाबून बसवल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. बाई गाडीत बसल्या. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, काच पूर्ण बंद केली, आणि मग त्यांना काहीतरी सांगायचं आठवलं असावं, कारण बंद काचेमागून त्या बोलायला लागल्या. ओठ मोठे मोठे हलत होते. पण काचेवर बाहेरच्या उन्हाची चमक पडली होती, आणि बुवांना काहीच जुळवता येईना. त्यांनी “हं” म्हटलं, मान डोलावली. गाडी गेली.

बुवांनी आपली हत्यारं फडक्याने पुसून एकेक करून पेटीत ठेवली. पक्कड, पाने, टेस्ट लॅम्प, कटर. पेटी पुतण्याच्या टेबलाखाली सरकवली. स्क्रू ड्रायव्हर मात्र जवळ ठेवला.

“काका, उद्या या,” पुतण्या समोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. “नुसते या. बसा. गिऱ्हाईकं तुमच्या नावाने येतात.”

“कुठे बसू?”

पुतण्याने बाकड्याकडे पाहिलं नाही. बुवांनीही पाहिलं नाही. तेवढं दोघांनी एकमेकांसाठी केलं. आपल्या भावाला दोन वर्षं तिथे बसून काय काय ऐकू येत असेल, असा विचार बुवांच्या मनात आला. सगळं ऐकू येत असणार. पान्याची खणखण, मोटरींची घरघर, आपल्याच दुकानात आपल्याशिवाय चाललेलं सगळं. आपल्याला तेवढंही नाही.

ते चालत घरी आले. रस्त्यावर गाड्या शेजारून जायच्या तेव्हा वाऱ्याचा झोत अंगावर यायचा आणि मग गाडी दिसायची. आजवर हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

बायको टेबलाशी भाजी निवडत होती. ऊन उतरून भिंतीवर तिरपं पडलं होतं. एरवीपेक्षा ते लवकर आले होते, तरी तिने वर पाहिलं नाही. त्यांनी दार लोटलेलं तिला ऐकू आलं असणारच, पण हात चालू होते. बुवांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्यासमोर टेबलावर ठेवला, भाजीच्या देठांशेजारी. मुठीवर दातांच्या खुणांचे चार-पाच खड्डे पडले होते.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, खिडकीपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. तिने काही विचारलं नाही. किंवा विचारलंही असेल.